पंख्यापलीकडचा सूर

“कोई हाथ मत लगाना! जैसा है, वैसाच रहने दो!”

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी अरुणकुमार ड्रमच्या मागून असा ओरडला होता. चंपतच्या कानात ते ओरडणं अजून ताजं होतं.

रिसालीच्या घरात, मे महिन्याच्या भर दुपारी, सुजाताने तीच जुनी कॅसेट पुन्हा लावली. स्टील प्लांटमधल्या चार पोरांचा रॉक बँड, सेक्टरच्या क्वार्टरमधल्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग, आणि तिच्या बापाचा, चंपतचा, ऑर्गन. दूरच्या मालगाडीने खिडकीची काच थरथरावी तसा तो सूर थरथरत होता, गुरगुरत होता. मग तिने कीबोर्डवर तेच वाजवलं. पलंगावरच्या स्पीकरमधून सूर आला. बरोबर होता, पण सपाट.

“आठ दिवस झाले, बाबा. लॅपटॉपमधले सारे इफेक्ट लावून पाहिले. काय केलं होतं तुमी?”

“मले आठवून नाही राहिलं.”

“झूठ.”

चंपत खिडकीबाहेर पाहू लागला.

संध्याकाळी सातला बँड क्लबात पुन्हा उभा राहणार होता. चंपतची बोटं आता वळत नव्हती, म्हणून त्याच्या जागी सुजाता बसणार होती. सकाळीच अरुणकुमारने फोनवर बजावलं होतं, “वो गुर्राहट नहीं आई तो गाना कैंसल, बिटिया. उसके बिना तो वो भजन है.”

चंपतची बायको कांता आतून गवारीच्या शेंगा घेऊन आली आणि पलंगावर, स्पीकरला लागून टेकली. पदराने मान पुसली.

“वाजव, बाई. या गवारीलेबी पाठ झालं आता.”

सुजाता वाजवू लागली. चंपत उठला. कोपऱ्यातला टेबलफॅन त्याने उचलला, स्टुलावर कांतासमोर आणून ठेवला, बटण दाबलं. कांता घामेजली की हे त्याचं रोजचंच.

पाती फिरली. पंख्यापलीकडचा सूर पात्यांत तुटला, जुळला, पुन्हा तुटला आणि गुरगुरत खोलीभर पसरला.

तोच!

“आईऽऽ, हलू नको! पंख्याले कोणीच हात नका लावू!” सुजाता किंचाळली. एका हाताने वाजवत तिने दुसऱ्या हाताने कॅसेट लावली. जुना सूर कोणता, नवा कोणता, कळेना. ती खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारू लागली.

“पंखा होता, बाबा! पंखा! अरुण अंकल अजून म्हणतात, चंपतने क्या दिमाग लगाया था! तुमाले मालूम होतं, मंग सांगितलं कावून नाही?”

चंपत पंख्याकडे पाहत उभा राहिला. वाऱ्याने कांताच्या पांढऱ्या बटा उडत होत्या. शेंग तिच्या बोटांत अर्धीच मोडून राहिली होती.

“दिमाग कायचा?” तो म्हणाला. सुजाताकडे त्याचं लक्षच नव्हतं. “तू अरुणच्या बहिणीसंग गाणं आयकाले आली होती. अशीच स्पीकरजवळ बसली. घामानं निथळून राहिली होती. म्या पंखा तुयाकडं फिरवला, कांता. तवा तुयं नावबी मालूम नव्हतं मले.”