पहिली फळी

टेबलावर मांडायच्या लढायांत दंतवैद्यांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता, असं ते स्वतःच सांगत. खेळण्यातले शिपाई निवडावेत तर त्यांनीच. जन्मभर लोकांच्या दाढा तपासलेली त्यांची नजर प्लास्टिकच्या इवल्याशा बंदुकीतला बाकही हेरायची.

त्या दुपारी ते मेहुण्याला घेऊन खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानाच्या बाईंनी काचेची पेटी पुढे केली. आत रंगवलेले शिपाई रांगेत उभे होते आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर काचेवर खसखशीएवढा वाफेचा ठिपका होता.

दंतवैद्यांनी रुमालाने काच पुसली. ठिपके आतून होते. ते विरत आणि पुन्हा उमटत.

"सकाळीच पुसलीय हो," बाई म्हणाल्या.

दंतवैद्यांनी छाती पुढे काढली आणि सेनापतीच्या थाटात हुकूम सोडला, "सावधान!"

सगळे ठिपके विरले. एकही परत उमटला नाही.

"बघितलंस? याला म्हणतात वचक!" त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आता उद्याच्या लढाईची पहिली फळी निवडतो."

त्यांचं बोट काचेवरून सरकू लागलं. एका शिपायासमोर ते थबकलं, मग पुढे गेलं. त्याच्या तोंडासमोर लगेच एक मोठा, लांबट ठिपका उमटला. दुसऱ्यालाही त्यांनी वगळलं. तिथेही तसंच झालं.

मेहुण्याने त्यांचा हात धरला. "दाजी, कोणालाच निवडू नका."

"हट्! हा घेऊ आपण," दंतवैद्य ऐटीत म्हणाले आणि त्यांनी निशाणवाल्यावर बोट ठेवलं.

त्याच्यासमोरची काच कोरडीच राहिली. बाकी सगळी पेटी एकदम आतून धुरकटली.