उपसा

"आधी सगळं पाणी सोड, मग तुला चौकीत नेतील," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले.

पंपवाल्याने व्हॉल्व्हचं चाक धरलं. हातात बेड्या, त्यामुळे चाक फिरेना. शिपायाने कुरकुरत त्याचा एक हात मोकळा केला. पोहण्याच्या तलावाचा तो व्हॉल्व्ह मोठा अडेलतट्टू, पंपवाल्याशिवाय कुणाला दाद द्यायचा नाही. ज्याच्यामुळे पाणी नासलं म्हणून सगळे बोंबलत होते, त्याच्याच हातून ते सोडून घेणं चाललं होतं. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

पंपवाला पुलापलीकडचा. म्हणजे काळा. क्लबचे सभासद झाडून सगळे गोरे, आणि त्याचा तोरा असा, की जणू तो रंग त्यांनी घाम गाळून कमावला होता. तलाव रिकामा झाला की पंपवाल्याने तळाशी उतरून फरशा घासायच्या, पाणी भरलं की त्यात बोटही बुडवायचं नाही, असा नियम. त्याचा रंग फरशीला लागत नाही, पाण्याला मात्र लागतो, हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.

आज तो कपड्यांनिशी पाण्यातून वर येताना सापडला. तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोच्या लक्षात आलं, की पर्समधली सोन्याची साखळी गेली आहे. मग काय, तर्क लढवायला कितीसा वेळ लागतो?

"चोरी ती चोरी, वर आमच्या पाण्यात आंघोळ!" बाई कडाडल्या. पंपवाला काहीच बोलला नाही. गप्प आहे म्हणजे यानेच घेतली, असं ठरून गेलं.

सेक्रेटरींची चौदा वर्षांची मुलगी आईच्या मागे उभी होती. साखळी तिनेच घेतली होती, न विचारता, मिरवायला. पोहताना ती गळ्यातून निसटली. खोल पाण्यात बुडी मारायची हिंमत नव्हती, आणि आसपास पंपवाल्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तिने रडून भेकून विनवलं, म्हणून तो उतरला. माणसांची चाहूल लागताच ती मात्र पळाली. आता त्याला कोठडीत टाकणार होते आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईचा हात फार जड होता. पाणी उतरलं की साखळी दिसेल, मग त्याला सोडून देतील, असं ती मनाशी घोकत राहिली.

पाणी उतरलं. तळाच्या जाळीपाशी साखळी चमकली.

"सापडली!" मुलगी ओरडली.

"सापडणारच," आई म्हणाली. "आपल्याला बघून टाकून दिली मेल्याने."

सभासदांनी माना डोलावल्या. शिपायाने पंपवाल्याचा मोकळा हात पुन्हा बेडीत अडकवला.

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांसमोर साखळी पडली होती, तरी यांना तो चोरच हवा होता. आणि ही सगळी तिचीच माणसं होती. तिला त्यांची किळस आली. आईची भीती कुठल्या कुठे पळाली. ती पुढे झाली.

पंपवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "ताई, नको," तो घाईघाईने म्हणाला. "घेतली हो साहेब, मीच घेतली. चला, न्या मला."

आपल्याला मार बसू नये म्हणून हा चोर व्हायला तयार झाला, असं मुलीला वाटलं. तिला भरून आलं.

"खोटं बोलतोय तो!" ती म्हणाली. "साखळी मी घेतली होती, आई. पाण्यात पडली. मीच त्याला शोधायला उतरवलं."

आईने हात उगारला नाही. ती मुलीच्या ओल्या केसांकडे बघत राहिली.

"तो उतरला तेव्हा तू कुठे होतीस?" तिने हळूच विचारलं.

"पाण्यातच."

पंपवाल्याने डोळे मिटले.

सेक्रेटरी शिपायाकडे वळले. "चोरीची तक्रार मी मागे घेतो," ते म्हणाले. मुलीचा जीव भांड्यात पडला.

"आता दुसरी लिहून घ्या. माझ्या मुलीच्या अंगावर हात टाकल्याची."