पुस्तक आत, करुणा बाहेर

“तुमी बाहेर थांबा, मॅडम. पुस्तक हितंच ऱ्हाऊ द्या.”

चेअरमन विजयसिंह इतक्या सहज बोलले की करुणाला आधी ती थट्टाच वाटली. पण त्यांनी उठून स्वतः दार उघडलं. करुणा इंदापूरच्या त्या दूध संस्थेच्या व्हरांड्यात आली आणि मागं दार लागलं.

हे तिनंच ओढवून घेतलं होतं. मूळची कळस गावची करुणा बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. गेलं वर्षभर तिला एका फुकट वेब सर्व्हरनं झपाटलं होतं. मागेल त्या कॉम्प्युटरला माहितीचं पान काढून देणारा हा प्रोग्रॅम देशोदेशीच्या माणसांनी मिळून केला होता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. त्याचं मराठी माहितीपुस्तक लिहायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. भाऊ बुद्धघोषनं त्याच्या प्रती मोटारसायकलवरून एमआयडीसीभर वाटल्या. संध्याकाळी ती विचारायची, कुणी काही बोललं का? तो म्हणायचा, “घेत्यात सगळे, ताई. वाचत्यात का न्हाय, ते काय ठावं!”

आज ती हा सर्व्हर वापरा म्हणून संस्थेला सांगायला आली होती. दुधाचे दर, फॅटचे आकडे, सगळं गावोगावच्या केंद्रांवर फोनच्या तारेवरून दिसेल म्हणाली. विजयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “फुकटातली वस्तू. बंद पडली तर धरायचं कुणाला?”

“कुणालाच धरायला नको, आबा. पुस्तक वाचून कुणीही चालवू शकतं.”

“कुणीबी?”

“कुणीही.”

तेव्हा त्यांनी सोनमला हाक मारली. सोनम रोजच्या दुधाच्या नोंदी कॉम्प्युटरवर भरायची. सर्व्हर हा शब्दही तिनं आजच ऐकला होता. संस्थेच्या नावाचं पान त्या सर्व्हरवरून पडद्यावर आणून दाखवायचं, एवढंच तिला सांगितलं होतं.

व्हरांड्यातल्या खिडकीतून सोनमची पाठ आणि अर्धा पडदा दिसत होता. करुणानं आजवर आपलं पुस्तक वाचताना कुणाला पाहिलंच नव्हतं. सोनम ओळीखाली बोट धरून वाचायची, मग एकेक कळ शोधून दाबायची. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं आणि पुन्हा वर गेलं. तिथं काय लिहिलंय ते करुणाला आठवेना. एवढं घोटून लिहिलेलं पुस्तक, पण डोक्यात नुसता धूर झाला होता.

सर्व्हर चालू झाला. पडद्यावर त्याचं स्वतःचं स्वागताचं पान आलं. करुणानं श्वास सोडला. आता फक्त संस्थेचं पान कुठं ठेवलंय, ते सर्व्हरच्या फाइलीत लिहायचं होतं. सोनमनं लिहिलं. पान पुन्हा मागवलं. स्वागताचंच पान आलं. परत मागवलं. परत तेच.

चूक कुठं झाली, ते करुणाला कळलं. फाइल बदलली की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. ती स्वतः ते रोज करायची, चप्पल घालावी तसं, न बघता. म्हणूनच ते लिहायचं राहिलं होतं.

तिचा हात काचेकडे गेला. दोन शब्द बोलले की काम होणार होतं. पण बोलली की पुस्तक हरलं, आणि न बोलावं तर समोर ती पोरगी हरत होती. सोनमचे कान लाल झाले होते. विजयसिंह खुर्चीत मागं रेलून घड्याळाकडं बघत होते. करुणाचा हात तसाच अधांतरी राहिला.

सोनमनं पुस्तक मिटलं. संपलं, करुणाला वाटलं. पण सोनम तशीच बसून राहिली, पडद्याकडं बघत. मग तिनं सर्व्हर बंद केला. पुन्हा चालू केला. संस्थेचं नाव पडद्यावर आलं आणि सोनम एकटीच खुदकन हसली.

दार उघडलं. विजयसिंह बाहेर आले.

“चाललं बगा, मॅडम. पण तुमच्या पुस्तकानं न्हाय. आमच्या पोरीच्या डोक्यानं चाललं. उद्या हिचं लगीन झालं, म्हंजी? आमाला आपली पुण्याची कंपनीच बरी. बंद पडलं तर धरता तरी येतंय.”

ते बोलले ते खरंच होतं. नमस्कार करून ती निघाली. स्टँडवर येऊन बारामतीच्या गाडीची वाट बघत बसली. वाटलेल्या सगळ्या प्रती तिच्या डोळ्यांपुढं आल्या. त्याच पानावर किती जण अडले असतील, आणि पुस्तक मिटून गप्प बसले असतील.

“मॅडम!” जेवणाच्या सुट्टीत सोनम धापा टाकत आली होती. “पुस्तक ऱ्हायलं तुमचं. आन मी त्यात पेन्सिलीनं लिवलंय. रागावू नका, खोडलं की जाईल.”

करुणानं पान उघडलं. समासात पुस्तकातून राहून गेलेली सूचना होती: ‘आता सर्व्हर बंद करून परत चालू करा.’ त्याखाली आणखी एक ओळ: ‘तोवर जुनंच पान दिसतं. घाबरू नका, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.’

करुणानं ती ओळ पुन्हा वाचली. अख्ख्या पुस्तकात असलं एकही वाक्य नव्हतं.

बारामतीची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. करुणा उठली नाही. तिनं बाकावर सरकून जागा केली, पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि सोनमच्या हातात दिलं.

“बस. आता सुरुवातीपासून सांग मला, कुठं कुठं घाबरलीस?”