दिराचा आवाज

धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या वर्षी मंजुळाला कॅन्सर झाला. मांडवातच तिचा दीर अच्युत तिच्या नवऱ्याला म्हणाला, "वहिनी काही दिवाळी बघत नाहीत. आत्तापासून दुसरी मुलगी बघून ठेव." मंजुळा मागेच उभी होती.

इस्पितळात तिच्या मनगटावर पट्टी बसवली. रक्त, ताप आणि दम पाहून आज किती चालायचं ते पट्टी बोलून सांगे. आवाज घरातल्याच माणसाचा लागे. इतर बायका आईचा नाहीतर लेकीचा मागत. मंजुळानं दिराचा मागितला. चारचौघांत अच्युतला नाही म्हणता आलं नाही.

मग रोज अंगणात त्याचा आवाज तिची मनधरणी करू लागला. "वहिनी, उठा. थोडं चाला, बरं वाटेल." ताप असला की, "आज नको, पडून राहा." ओसरीवर बसल्या बसल्या अच्युत ते ऐके.

"वहिनी, आता तरी आवाज बदला," तो एकदा म्हणाला.

"का भाऊजी? मांडवात तर चांगला खणखणीत होता."

उपचार संपले, मंजुळाचे केस परत आले. पट्टी तिनं मनगटावर तशीच ठेवली.

अच्युतच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नवरा कळवळून म्हणाला, "मंजुळा, माफ केलं म्हण. शिवेल."

तेवढ्यात तिच्या मनगटातून अच्युत बोलला, "वहिनी, फार वेळ उभ्या आहात. चला, थोडं चाला."

घाटावरची माणसं दचकली. मंजुळानं पदर खोचला आणि ती चालू लागली.

अच्युत गेला तो नणंदेचा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या दिवशी.