वरच्या वाडीची तुटलेली रेघ

"रेघ मध्येच तुटलीय बघ," कमलाकर मास्तर मुलीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाले. "तुझ्या त्या लायब्ररीत काहीतरी खोट आहे."

वल्लरीला ते झोंबलं. पाच वाड्यांच्या पावसाचे आलेख वेबपेजवर काढायचे होते, आणि नेटवर्कची जेमतेम एक कांडी असलेल्या जुन्या फोनवरही ते उघडायला हवे होते. त्यासाठी दोन आठवडे तिने जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या पारखल्या होत्या. ई-चार्ट्स देखणी, पण एक एमबीची; डोंगरात फोन धापा टाकायचा. डी-थ्रीत हवं ते काढता येतं, पण एकेक रेघ आपणच ओढत बसायची. शेवटी यूप्लॉट. पन्नास केबी, ना नखरा ना झगमग. डोंगरातल्या उमरठच्या रस्त्यात उभं राहून तिने पेज उघडलं, तर आलेख चुटकीसरशी हजर! पुण्याच्या ऑफिसात कुणी थोपटली नसेल इतकी तिने स्वतःच आपली पाठ थोपटून घेतली होती.

"खोट वहीत आहे, बाबा. नोंद नसली की ही रेघ काढत नाही."

वही हैबतींची होती. मास्तरांनी महाडला तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीआधी त्यांनी पोलादपूरच्या पाच वाड्यांना एकेक पर्जन्यमापक आणि एकेक वही दिली. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि लिहायचं. चार वाड्यांच्या मागे त्यांना तगादा लावावा लागे. वरच्या वाडीच्या हैबतींची वही मात्र ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. अकरा वर्षं, एक खाडाखोड नाही. आणि तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत चार ओळी कोऱ्या.

"त्याच वर्षी मापकही घालवून बसला," मास्तर कुरकुरले. "'जुना गेला' एवढंच म्हणाला. नवा मीच दिला."

त्या चार ओळी आता नडणार होत्या. शनिवारी पोलादपूरच्या सभागृहात सह्यकडा प्रतिष्ठानच्या सुमेधाताई आलेख बघणार होत्या. प्रतिष्ठान वाड्यांना धोक्याचा भोंगा बसवून देणार होतं. पाऊस हद्दीबाहेर गेला की तो आपोआप वाजणार. अट एकच, नोंदी अखंड हव्यात. बाकी चारही वह्या भरलेल्या होत्या.

"जोडून टाक की," मास्तर हळूच म्हणाले. जन्मभर कॉपी पकडणारा माणूस. बोलताना त्यांची मान काही वर झाली नाही.

कोडमध्ये एका शब्दाचं काम होतं. वल्लरीने तो बदलला. रेघ उंच शिखरावरून अलगद उतरून पुढच्या आठवड्याला मिळाली. बघणाऱ्याला शंकाही आली नसती.

तरी दुसऱ्या दिवशी ती वरच्या वाडीला गेली. हैबती शाळेशेजारीच राहत. घर साधं, पण पत्रे कोरे करकरीत. म्हाताऱ्याने चष्मा लावला, फोन दोन्ही हातांत धरला.

"ह्यो माजा पाऊस?"

"तुमचाच, आजोबा. अकरा वर्षांचा."

हैबतींची छाती फुगली. ते रेघेवरून बोट फिरवत राहिले आणि एका जागी थांबले.

"हितं मी लिवलं नव्हतं."

"मधलं जोडलंय. भोंगा मिळावा म्हणून."

"जे मोजलंच नाय, ते कसं दावतेस गो?"

"मग मोजलं का नाहीत? आजारी होतात?"

"नाय."

"मुंबईला गेला होतात?"

"नाय. हितंच होतो." त्यांनी फोन परत दिला. "पुस ती रेघ. नायतर माजी वही परत दे."

वल्लरीला आधी रागच आला. एवढी तिरसट माणसं! पण उतार उतरताना तो राग कुठल्या कुठे गेला आणि मोजलं तेवढंच सांगणाऱ्या त्या वहीवर बापाइतकाच तिचाही जीव जडला. घरी पोचल्या पोचल्या तिने रेघ होती तशी तोडून टाकली.

शनिवारी पहिल्या चार आलेखांना टाळ्या पडल्या. पाचव्याला सुमेधाताई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"एका दिवसात तीनशे बारा मिलिमीटर, आणि मग चार दिवस काहीच नाही? नेमका गरजेच्या वेळी माणूस गायब! हे जोडता आलं नसतं?"

"आलं असतं," वल्लरी म्हणाली. "पण मोजलेलं नाही ते दाखवणार नाही. त्यापायी वाडी गाळायची असेल तर तुम्ही गाळा. माझ्या हातून ती रेघ जोडली जाणार नाही."

इतकं रोखठोक ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. पहिल्या रांगेत मास्तर ताठ बसले. अशी पोर आपली आहे, याचा अभिमान त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

सुमेधाताईंनी यादीतल्या पाचव्या नावावर पेन टेकवलं. "आजोबा, त्या चार दिवसांत तुम्ही करत काय होतात?"

हैबतींच्या शेजारी बसलेली त्यांच्याच वाडीतली तुळजाबाई पदर सावरत उठली.

"शालंच्या दारात बसला होता," ती म्हणाली. "त्या सकाली पानी मोजलं नि शिव्या घालीत आमच्या तिन्ही घरांत शिरला. सतरा मानसं शालंत कोंडली नि भायरनं कडी घातली. आमी लय बोललो त्याला. चार दिस कुनाला घरी जाऊ दिलं नाय, मग घरांमागच्या मापकापाशी ह्यो तरी कसा जानार? मानूस मेलं नाय, म्हनून पेपरात काय आलं नाय. पन तिसऱ्या दिशी डोंगर खाली आला, ताई. रिकाम्या घरांवर."