दुपारपुरती खाट

शेजारची पोरकी बिजली घरी राहिली, तर सुंदराकाकूंना मिळणार काय होतं? वेणी घालायला एक डोकं आणि भांडायला एक तोंड. एकट्या बाईला तेवढंच सोनं.

पण बालकल्याण समितीच्या मॅडम घर बघायला येणार, आणि घरात धड खाटसुद्धा नाही. मग ढोबळेवहिनींनी दुपारपुरती खाट दिली, मुल्लाचाचांनी टेबलफॅन.

मॅडम खाटेवर टेकल्या आणि दारातल्या वहिनींना राहवेना. "सावकाश हं, आमच्या लग्नातली आहे!"

"पंखा आमचा!" चाचा कसे मागे राहतील?

काकूंचा चेहरा उतरला. आता पोरगी बालगृहात जाणार. बिजलीनं त्यांचा पदर मुठीत धरला.

मॅडमनी दारातली गर्दी न्याहाळली. "म्हणजे पोर अख्ख्या गल्लीनंच सांभाळायला घेतलीय. बरंच झालं, एकटीला जड गेलं असतं. राहू दे तिला इथंच. पण मी अधूनमधून येणार; यातली एकही वस्तू हलता कामा नये."

शेवटी जमाखर्च असा: चाचा वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागले, ढोबळेवहिनी जमिनीवर निजू लागल्या. आपली खाट धड आहे ना, हे बघायला त्या रोज येतात. रिकाम्या हातानं मात्र एकदाही आल्या नाहीत.