वजनदार माणूस

"टोपली जमिनीला टेकली तरी मी सांगेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही," गरम हवेच्या फुग्याची पायलट एल्वान हिने सगळ्यांना बजावलं. "एकाचं जरी वजन कमी झालं, तर फुगा पुन्हा वर जाईल."

तुर्कस्तानातल्या गोरेमे गावात घराच्या गच्चीवर जर्दाळू वाळत घालता घालता फुगे बघण्यात जन्म गेलेली तिची आजी आज पहिल्यांदाच फुग्यात बसली होती. वरून आपली इवलीशी गच्ची दिसताच तिने पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. आजोबांनी मात्र दोर धरून जे डोळे मिटले, ते टोपली शेतात धपकन टेकल्यावरच उघडले.

सगळे गुडघे वाकवून एल्वानच्या हुकुमाची वाट पाहत होते. आजीने आजोबांना हळूच कोपर मारलं.

"अहो, तुम्हीच सगळ्यांत जड. पोरीचं लक्ष नाहीये तोवर मारा उडी!"